बाभळीचे काटे आणि किंचाळणारे ब्रेक

प्रश्न : गंगापूर धरणाकडेच्या मातीच्या वाटांवर माझी एमटीबी (डोंगरवाटांची सायकल) दर फेरीला पंक्चर होते. पावसाळ्यात उतारावर डिस्क ब्रेक किंचाळतात, पकडही कमी वाटते. काय करावे?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : बाभळीच्या काट्यांपुढे ट्यूबचा निभाव लागत नाही. रिम आणि टायर ट्यूबलेसला (म्हणजे आत ट्यूब नसलेल्या चाकाला) चालणारे असतील तर तसे करून घ्या. २९ इंची, २.२५ रुंदीच्या टायरात साधारण १०० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) घाला. उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकते, तेव्हा पुन्हा भर घाला. काटा उपटला की भोक खाली येईल असे चाक फिरवा आणि फेस थांबेपर्यंत तसेच धरा. ७० किलो वजनाला हवेचा दाब पुढे २२, मागे २५ पीएसआय (दाबाचे एकक) ठेवून सुरुवात करा. हवा फारच कमी ठेवली तर दगडावर रिम आपटते.

ब्रेक किंचाळण्यामागे बहुधा साखळीला मारलेला तेलाचा स्प्रे असतो. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पॅडवर बारीक पॉलिश पेपर फिरवा. मग सपाट रस्त्यावर वेग घेऊन, चाक लॉक न होऊ देता, वीसेक वेळा चालण्याच्या गतीपर्यंत ब्रेक दाबा. तरीही किंचाळले तर पॅड तेल प्यायलेत, बदलाच. चिखलात मेटलचे पॅड जास्त टिकतात. मात्र डिस्कवर ‘फक्त रेझिन पॅड’ (रेझिन म्हणजे मऊ, राळेसारखे मिश्रण) अशी सूचना कोरलेली असेल तर मेटलचे पॅड लावू नका.