नाशिकमध्ये आजारी कुत्र्यावर परवडणारे उपचार कुठे मिळतील? तोवर घरी काय द्यावं?

तुमच्या प्रश्नातून कळतं ते असं: पाच महिन्यांचं गावठी पिल्लू, दोन दिवसांपासून खाणं बंद, उलट्या सुरू, लस एकदाच दिलेली. राहायला सिडकोत. एका खासगी दवाखान्यात सांगितलेला खर्च आवाक्याबाहेरचा वाटतोय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. घरी औषध किंवा खाणं काहीही देऊ नका, आजच डॉक्टरकडे न्या. या वयात, लसीकरण अर्धवट असताना असं झालं की पहिली शंका पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांना होणाऱ्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची येते. जंत, गोचीड तापही असू शकतो, नाहीतर चप्पल-मोजा गिळलेला असू शकतो. पण ते बघून सांगायचं काम डॉक्टरचं. पार्व्होचा विषाणू मारणारी गोळी आपल्याकडच्या दवाखान्यांत नसते. सलाइन लावायचं, उलट्या थांबवायच्या, आतड्यातले जंतू रक्तात पसरू नयेत म्हणून अँटिबायोटिक द्यायचं आणि पिल्लाच्या शरीराला लढायला वेळ मिळवून द्यायचा, एवढाच उपचार. म्हणूनच उशीर महाग पडतो. पहिल्या-दुसऱ्या दिवशी जे रोजच्या सलाइनवर भागतं, त्याला चौथ्या दिवशी अॅडमिट करावं लागतं.

निघण्याआधी एक बघा. पिल्लाचा ओठ वर उचलून हिरडी बघा. ती ओलसर आणि गुलाबी हवी. बोटाने दाबली की पांढरी पडते, बोट काढलं की दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. (काही गावठी कुत्र्यांच्या हिरड्या काळ्या असतात, तिथे हे कळत नाही, मग खालच्या पापणीच्या आतली बाजू पाहा.) हिरडी चिकट, फिकट लागली, रंग परतायला वेळ लागला किंवा पिल्लू मान धरेनासं झालं, तर स्वस्त-महाग बघू नका. जो दवाखाना जवळ आणि उघडा असेल तिथे जा.

तेवढी वाईट अवस्था नसेल तर अशोकस्तंभाजवळचा सरकारी दवाखाना. तिथे फक्त गाई-म्हशी बघतात असा लोकांचा समज आहे, तो चुकीचा. सकाळी गेलात तर एकीकडे खोड्यात उभी गाय, बाजूला शेळी धरून बसलेल्या आजी आणि त्यांच्यामागे पिशवीत मांजर घेऊन आलेला कॉलेजचा मुलगा, असा सगळा गोतावळा एकाच रांगेत दिसेल. केसपेपरचे पैसे नाममात्र असतात. डॉक्टर पदवीधर असतात आणि दिवसभर इतकी जनावरं हाताखालून जातात की त्यांची नजर पक्की झालेली असते. उणी बाजूही सांगते: गर्दी असते, बरीचशी औषधं बाहेरून आणावी लागतात आणि रात्री तिथे कुणी भेटेल असं धरून चालू नका. जायच्या आधी वेळ विचारून घ्या. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यांचा १९६२ हा सरकारी नंबरही लोक सुचवतात, पण ती पथकं मुख्यतः गावाकडच्या गुराढोरांसाठी आहेत. सिडकोतल्या फ्लॅटखाली गाडी येईल म्हणून वाट बघत बसू नका.

पिल्लाला रोज एक-दोनदा सलाइन लागणार असेल तर रोज रिक्षाने अशोकस्तंभ गाठणं त्याला झेपणार नाही आणि तुम्हालाही. तपासणी आणि औषधांची चिठ्ठी सरकारी दवाखान्यातून घ्या आणि सलाइन घराजवळच्या खासगी डॉक्टरकडे लावा. बरेच जण असंच करतात.

खासगीत गेल्यावर मात्र बिल हातात आल्यावर हळहळण्यात अर्थ नाही. टेबलावर पिल्लू ठेवतानाच सरळ बोला: "डॉक्टर, माझ्याकडे आत्ता एवढेच पैसे आहेत. यात आधी काय करायला हवं?" यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्या अनुभवात चांगला डॉक्टर यावर चिडत नाही, उलट क्रम लावून देतो. तुमच्या बाबतीत पहिला खर्च बहुधा पार्व्होच्या किटचा असेल. शौचाच्या जागेतून कापसाचा बोळा फिरवून नमुना घेतात आणि साधारण दहा मिनिटांत निकाल कळतो. तो पॉझिटिव्ह आला तर एक्स-रे किंवा रक्ताच्या मोठ्या तपासण्या थोड्या थांबू शकतात का, अॅडमिट करण्याऐवजी रोज आणून सलाइन चालेल का, हे विचारा. ज्याला हे प्रश्नच आवडत नाहीत, तिथून उठा. माझं मत विचाराल तर पैसे तपासणीवर घालवावेत. काय झालंय ते न बघता रोज एक "ताकदीचं इंजेक्शन" टोचून घेण्यावर नाही. आमच्या भागात घरोघरी फिरून असं इंजेक्शन देणारे एक गृहस्थ आहेत. स्वस्त वाटतात, पण पशुवैद्यक नाहीत. डॉक्टरची राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी असते. तो नंबर विचारायला काही हरकत नसते.

औषधांवरही बरंच वाचतं. ऑन्डान्सेट्रॉन, मेट्रोनिडाझोल, डॉक्सीसायक्लीन ही औषधं माणसांची आणि कुत्र्यांची एकच. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून मागितलं की जनऔषधी केंद्रात ती खूप स्वस्तात मिळतात. मात्र डोस वजनावर ठरतो, म्हणून पिल्लाला उचलून वजनकाट्यावर उभे राहा, मग एकट्याचं वजन करून वजा करा आणि तो आकडा डॉक्टरला सांगा. याचा अर्थ घरच्या डब्यातली गोळी द्यायची असा नाही. ब्रुफेन कुत्र्याच्या पोटाची आणि किडनीची वाट लावतं, आणि पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. नाशिककरांसाठी आणखी एक: द्राक्षं आणि मनुका कुत्र्याला कधीच नकोत, किडनी निकामी होऊ शकते. हंगामात घरोघरी क्रेट येतात आणि पोरं कौतुकाने भरवतात. पिल्लाने गेल्या दोन-तीन दिवसांत असं काही खाल्लं असेल तर डॉक्टरला ते आवर्जून सांगा.

कुणी मुंबईत परळला न्या म्हणेल. तिथे १८८६ सालचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच आवारात बाई साकरबाई रुग्णालयही. न जुळणारं हाड, गाठ, अवघड ऑपरेशन यांसाठी जरूर जावं. पण उलट्या करणाऱ्या पिल्लाला कसारा घाट उतरवून नेऊ नका.

प्रवासात खाली जुना टॉवेल घाला, तोंडात जबरदस्तीने दही-भात किंवा हळदीचं दूध कोंबू नका. स्वतःहून पाणी चाटलं तर थोडं थोडं चाटू द्या. उलटीचा आणि शौचाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या, डॉक्टरला शब्दांपेक्षा तो कामाला येतो.

पार्व्हो निघाला तर शेजारपाजारची पिल्लं लांब ठेवा. फिनाइलने हा विषाणू मरत नाही. फरशी धुऊन घ्या, मग एक भाग घरगुती लिक्विड ब्लीच आणि तीस भाग पाणी करून पुसा, दहा मिनिटं ओली राहू द्या. खोलीत तोवर पिल्लू नको, आणि त्याची भांडी वेगळी ठेवा.