पहिल्या वर्षातच कोच शोध

घाटीतून, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून, सर्जरीत एमएस होऊन तू लातूरला किंवा जालन्याला ओटी (ऑपरेशन थिएटर) सुरू करशील. तिथे तुला टोकणारं कुणी नसेल, म्हणून कोच, म्हणजे तुझं काम बघून चुका दाखवणारा अनुभवी सर्जन, आत्ताच शोध. तो तुझा बॉस मात्र नको. बढती ज्याच्या हातात, त्याच्यापुढे मन मोकळं होत नाही. अमेरिकेतले सर्जन-लेखक अतुल गावंडे यांनी नावारूपाला आल्यावरही निवृत्त गुरूंना ओटीत बोलावलं. गुरूंनी काय टिपलं? कोपर खांद्यापर्यंत उचललं जातंय, दिव्याचा झोत जखमेवरून सरकलाय. आपलं आपल्याला हे दिसतच नाही रे!

कॉम्प्लिकेशन झाली की त्याच आठवड्यात कोचशी बोल, झोप लागते का तेही सांग. उदासी हटतच नसेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठ. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास सुरू असतो. आणि हॉस्पिटलसाठी कर्ज काढण्याआधी कोचसोबत एकदा निवांत बस.