दोघी, दोन पास आणि आठ तासांचा दिवस

वाचकांचे प्रश्न : प्रवास

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करते आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण जर्मनीत ड्रेस्डेनला शिकते. तिच्या नाताळच्या सुट्टीत, म्हणजे २० डिसेंबर ते ४ जानेवारी या काळात, पाठीवर सॅक घेऊन रेल्वेने युरोप पाहायचे आम्ही ठरवले आहे. बर्लिन, ड्रेस्डेन, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, साल्झबर्ग, म्युनिक, झुरिक, व्हेनिस, रोम आणि मिलान अशी अकरा शहरे यादीत आहेत. दोघींनी अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा युरेल पास काढावा का? व्हिसा कोणत्या देशाकडे मागावा? थंडी झेपेल का? आणखी एक प्रश्न संकोचाने विचारते : दोन दिवसांच्या ट्रेकपलीकडे आम्ही सलग एकत्र कधी राहिलेलो नाही. पंधरा दिवसांत भांडण तर होणार नाही ना?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : तुमची यादी वाचून पहिली सूचना अशी की, तिच्यातील सात शहरे खोडावीत आणि एक नवे लिहावे. पैसा किंवा थंडी यांपेक्षा तुम्हाला तिथे जास्त टंचाई भासेल ती उजेडाची. डिसेंबरअखेरीस पुण्यात दिवस लहान झाला असे आपण म्हणतो, तेव्हाही तो सुमारे अकरा तासांचा असतो. त्याच दिवसांत ड्रेस्डेनला जेमतेम आठ तास उजेड मिळतो आणि प्राग-व्हिएन्नाला त्याहून थोडासाच अधिक. सकाळी आठच्या सुमारास उगवलेला सूर्य दुपारी चारला मावळतो आणि मधल्या वेळातही तो ढगांआड असण्याचीच शक्यता अधिक. अकरा शहरे म्हणजे किमान दहा वेळा सामान बांधणे, स्थानक गाठणे आणि नवा मुक्काम शोधणे आले. हे सारे त्याच आठ तासांतून कापले जाईल आणि निम्मी शहरे तुम्ही दिव्यांच्या उजेडातच पाहाल.

माझ्या मते तीन रात्री ड्रेस्डेन, चार प्राग, पाच व्हिएन्ना, दोन स्वित्झर्लंडमधील खूर आणि शेवटची एक मिलान, एवढे पुरे आहे. मुंबईहून फ्रँकफर्टला थेट विमान मिळते आणि तिथून रेल्वेने साडेचार-पाच तासांत ड्रेस्डेन गाठता येते. परतीचे विमान मिलानहून घ्यावे, म्हणजे उलटा प्रवास करावा लागणार नाही. ड्रेस्डेनचा नाताळबाजार १४३४ पासून भरत आला आहे, पण तो २४ डिसेंबरला उठतो, म्हणून ते शहर आधी. प्रागच्या जुन्या चौकातील बाजार साधारणपणे ६ जानेवारीपर्यंत चालतो, म्हणून ते नंतर. २३ तारखेला ड्रेस्डेनहून प्रागला जाताना गाडीत डावीकडची खिडकी धरावी. एल्ब नदी आणि तिच्या काठचे वालुकाश्माचे उंच कडे सीमा ओलांडेपर्यंत त्याच बाजूला राहतात. प्रागमध्ये २४ तारखेला दुपारी बारानंतर मोठी दुकाने कायद्यानेच बंद होतात आणि २५ व २६ तारखेलाही उघडत नाहीत. तेव्हा ब्रेड, फळे, दूध असा शिधा सकाळीच भरून ठेवावा.

आता पासविषयी. तुम्हा दोघींना एकाच प्रकारचा पास मिळणार नाही. युरेल पास युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे आणि युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल नावाचा वेगळा पास आहे. इथे नागरिकत्व पाहिले जात नाही, वास्तव्य पाहिले जाते. त्यामुळे भारतीय पारपत्र असले, तरी जर्मनीत राहणाऱ्या तुमच्या मैत्रिणीला इंटररेलच घ्यावा लागेल. त्याची एक अट तिने आधीच समजून घ्यावी : राहत्या देशातून बाहेर पडण्यासाठी एकदा आणि परत येण्यासाठी एकदा, एवढ्यापुरताच तो त्या देशात चालतो. तुमच्या आराखड्यात ती ड्रेस्डेनहून प्रागला निघताना एकदा जर्मनी सोडेल आणि शेवटी मिलानहून परतताना एकदा जर्मनीत शिरेल, त्यामुळे अडचण येणार नाही. जुन्या यादीप्रमाणे साल्झबर्गहून म्युनिकला जाऊन पुन्हा झुरिककडे वळला असतात, तर मात्र तिला तिथे वेगळे तिकीट काढावे लागले असते.

एका महिन्यात कोणतेही पाच दिवस प्रवास करू देणारा पास दोघींना पुरेल. तुमचे पाच दिवस म्हणजे फ्रँकफर्टहून ड्रेस्डेन, मग प्राग, व्हिएन्ना, खूर आणि मिलान. यांतला पहिला दिवस तिला लागणार नाही, पण मिलानहून ड्रेस्डेनला परतण्याचा एक जास्त लागेल. पास सुरू होतो त्या दिवशी वय २७ किंवा त्याहून कमी असेल, तर तो सवलतीत मिळतो. वाढदिवस जवळ असेल तर तारीख नीट मोजावी. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधील बहुतेक गाड्यांना आसन आरक्षित करण्याची सक्ती नाही. फ्रान्स, इटली आणि स्पेनमधील वेगवान गाड्यांना ती आहे आणि आरक्षणाचे पैसे पासच्या किमतीबाहेर भरावे लागतात. रोम आणि व्हेनिस खोडण्यामागे हेही एक कारण आहे. सक्ती नसली, तरी १ जानेवारीला व्हिएन्नाहून निघणाऱ्या गाडीचे आरक्षण जरूर करावे. तसेच, महिनाभर आधी तारीख पक्की करणार असाल, तर सुटी तिकिटे पासपेक्षा स्वस्त पडू शकतात. दोन्ही हिशेब कागदावर मांडून मगच पैसे भरावेत.

या पाचही देशांत एकच व्हिसा चालतो आणि ज्या देशात सर्वाधिक रात्री काढणार त्याच्याकडे तो मागायचा असतो. तुमच्या पाच रात्री व्हिएन्नात असल्याने, उतरणार जर्मनीत असलात, तरी अर्ज ऑस्ट्रियाकडे करावा लागेल. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. नाताळच्या हंगामात भेटीची वेळ मिळवण्यातच आठवडे जातात, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच त्या कामाला लागावे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. मैत्रिणीकडे जर्मनीचा वास्तव्य परवाना असल्याने तिला वेगळा व्हिसा लागणार नाही, मात्र परवान्याचे कार्ड तिने सतत जवळ बाळगावे.

यादीत खूर का घातले, तेही सांगते. १ जानेवारीला सकाळी साडेसातच्या सुमारास व्हिएन्ना सोडली, तर इन्सब्रुक ते फेल्डकिर्ख हा आर्लबर्गचा डोंगराळ टप्पा भर दुपारी पाहायला मिळतो. झारगान्सला गाडी बदलून संध्याकाळपर्यंत खूरला पोहोचता येते. २ तारीख विश्रांतीची. ३ तारखेला खूरहून सेंट मॉरिट्झमार्गे इटलीतील तिरानो असा सुमारे चार तासांचा प्रवास करावा. सेंट मॉरिट्झपासूनचा बर्निना मार्ग १९१० मध्ये पूर्ण झाला. तो २,२५३ मीटर उंचीपर्यंत चढतो आणि तेही चढावर पकड देणाऱ्या दातेरी रुळाविना. आपल्या बोर घाटात १:३७ चढाला (म्हणजे ३७ मीटरमागे एक मीटर) कर्जतहून मागे जादा इंजिने जोडावी लागतात, हे तुम्ही पुणे-मुंबई प्रवासात कितीदा तरी पाहिले असेल. बर्निनाचा सर्वांत तीव्र चढ जवळजवळ १:१४ आहे! मोठ्या काचांच्या पर्यटक गाडीसाठी पासधारकांनाही वरचे पैसे भरावे लागतात. त्याच रुळांवरून धावणारी साधी गाडी पासवर चालते आणि तिला आरक्षण लागत नाही. मी साधी गाडीच सुचवेन. तिच्यात दप्तरे घेतलेली शाळकरी मुले आणि स्की खांद्यावर टाकलेली गावकरी मंडळी चढतात-उतरतात आणि गोठलेल्या तलावाकाठच्या एखाद्या थांब्यावर दार उघडले की थंडी डब्याच्या मध्यापर्यंत येते. सकाळी नवाच्या आत खूर सोडावे, नाहीतर तिरानोहून मिलानकडे जाताना कोमो सरोवर अंधारात निघून जाईल.

थंडी झेपेल, पण एकाच जाड कोटावर विसंबू नये. गाडी, दुकान, वसतिगृह सगळे आतून उबदार असते, त्यामुळे दिवसातून दहा वेळा कपडे काढावे-घालावे लागतात. अंगालगत सुती कपडा नको, तो घाम धरून ठेवतो आणि बाहेर पडताच गार होतो. आत लोकरी किंवा सिंथेटिक थर, त्यावर स्वेटर, सर्वांत वर वारा-पाणी अडवणारे जाकीट, शिवाय कानटोपी, हातमोजे आणि दोन जादा पायमोजे इतके पुरते. सह्याद्रीच्या कातळावर घट्ट धरणारे बूट ओल्या बर्फावर घसरतात, म्हणून बुटांवर पैसे वाचवू नयेत. सॅक चाळीस लिटरपेक्षा मोठी नको.

आता भांडणाविषयी. ते होईल, आणि बहुधा भूक किंवा झोप यांवरून होईल. माझी एक आठवण सांगते. एका जानेवारीत मी आणि माझी जिवलग मैत्रीण जर्मनीत फिरत होतो. फलाटावर बोचरे वारे सुटले होते, गाडी येताच ती समोरच्या डब्यात घुसली आणि मी पुढच्या. तिकडे कित्येकदा दोन गाड्या जोडून धावतात, वाटेत एखाद्या जंक्शनवर वेगळ्या होतात आणि वेगवेगळ्या शहरांना जातात. आतून एकीतून दुसरीत जाता येत नाही. फलाटावरच्या फलकावर आणि डब्याच्या दाराशी ते लिहिलेले असते, पण थंडीत वाचतो कोण? जंक्शन गेले आणि आम्ही दोघी दोन दिशांना. मुक्कामाचा पत्ता माझ्याकडे, पैशांचे पाकीट तिच्याकडे, आणि तिचा फोन गारठून बंद पडलेला. साडेतीन तासांनी भेटलो, तेव्हा आधी रडलो आणि मग पुढचे दोन दिवस एकमेकींशी मोजकेच बोललो.

तेव्हापासून माझे काही नियम झाले आहेत. प्रत्येकीचा पास, पैसे आणि मुक्कामाचा कागदावर लिहिलेला पत्ता तिच्याजवळच हवा. पास आता फोनवरच असतो आणि थंडीत बॅटरी भराभर उतरते, म्हणून फोन जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवावा आणि पॉवरबँक दोघींकडे असावी. जेवण, ट्राम आणि मुक्काम यांसाठी समान वर्गणी काढून एक वेगळे पाकीट करावे, म्हणजे कॉफीच्या कपागणिक हिशेब होत नाही. आणि एक दिवसाआड दुपारचे तीन तास दोघींनी ठरवून वेगळे फिरावे. व्हिएन्नात एकीला चित्रसंग्रहालय आणि दुसरीला नुसते कॅफेत बसणे आवडत असेल, तर त्यात रुसण्यासारखे काही नाही. संध्याकाळी एकमेकींना सांगायला काहीतरी राहते.

प्रश्न : माझा मुलगा मित्रासोबत जानेवारीत प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्टला रेल्वेने फिरणार आहे. दोघेही शाकाहारी आहेत. घरून काय द्यावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मेतकूट, भाजणी, सुकी चटणी आणि खाकरा देता येईल. तूप, पेढे, बर्फी आणि पनीर मात्र देऊ नये, कारण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. कढीपत्ता, हिरव्या मिरच्या आणि बहुतेक ताजी फळेही प्रमाणपत्राविना चालत नाहीत. केळी, नारळ, खजूर आणि अननस यांना सूट आहे. वसतिगृहात स्वयंपाकघर असते, पण मोहरी-हिंगाची फोडणी दिली की धुराची घंटा वाजू लागते, हे मुलाला आधीच सांगून ठेवावे.

बाहेर खाताना खरी फसगत सूपमध्ये होते. व्हिएन्नात ‘फ्रिटाटेनझुप्पे’ नावाचे सूप मिळते. त्यात धिरड्याच्या बारीक पट्ट्या तरंगताना दिसतात आणि मांसाचा तुकडाही नसतो, पण खालचे पाणी गोमांस उकळून केलेले असते. नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे कित्येकदा मसाल्यासारखे भुरभुरवतात. ‘वेगेटारिश’ हा शब्द स्पष्ट उच्चारावा. प्रागमध्ये तळलेल्या चीजची थाळी, बुडापेस्टला लांगोश नावाची तळलेली जाड रोटी आणि रस्त्यावर भाजलेले चेस्टनट यांवर दोघांची पोटे भरतील.

प्रश्न : रात्रीच्या गाडीने गेल्यास मुक्कामाचा खर्च वाचतो. मग हिवाळ्यात रात्रीच प्रवास का करू नये?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : जरूर करावा, फक्त आल्प्स ओलांडणारा टप्पा रात्री घेऊ नये. ऑस्ट्रियन रेल्वे २०१६ पासून ‘नाइटजेट’ नावाच्या रात्रगाड्या चालवते आणि तिच्यात केवळ महिलांसाठीचे कक्षही मागता येतात. पास असला, तरी बर्थचे पैसे वेगळे पडतात, त्यामुळे खर्च वाटतो तितका वाचत नाही. पासवर रात्रगाडीचा एकच दिवस मोजला जातो, तो गाडी सुटण्याचा. मात्र मध्यरात्रीनंतर गाडी बदलल्यास दुसरा दिवसही खर्ची पडतो. सकाळी सहाला पोहोचाल तेव्हा बाहेर मिट्ट काळोख असेल आणि वसतिगृहात खोली दुपारी दोन-तीनच्या आधी मिळणार नाही. सॅक स्थानकावरच्या लॉकरमध्ये टाकावी, स्थानकातल्याच बेकरीत गरम कॉफी घेऊन बसावे आणि उजाडल्यावरच शहरात पाऊल ठेवावे. लॉकरसाठी एक-दोन युरोंची नाणी आदल्या दिवशीच मोडून घ्यावीत.