बेडकाला बुडबुडे येतात? साचा फोडण्याआधी माल शिजवायचं भांडं, म्हणजे गंज पाहा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरकडच्या तलावांवर मरळ मासा गळाला लागावा म्हणून आमिषाचे सॉफ्ट प्लास्टिकचे बेडूक तुम्ही पीओपीच्या साच्यात ओतता. जुलैत सुरुवात केली. पाठीवर बुडबुडे येतात, पायाचं टोक भरत नाही, पोटाला खड्डा पडतो, पांढरा माल पिवळट होतो आणि डब्यात ठेवलेले बेडूक तेलकट होऊन एकमेकांना चिकटतात. दोन साचे फोडून नवे केले तरी तेच.

तिसरा साचा करू नका. पिवळेपणा आणि तेलकटपणा हे शिजवण्याचे दोष आहेत, पायाचं टोक न भरण्यातही शिजवण्याचा वाटा आहे. साच्याकडे आपण नंतर येऊ.

आपण ओततो तो माल प्लास्टिसॉल. प्लास्टिसॉल म्हणजे तेलासारख्या प्लास्टिसायझरमध्ये कालवलेली पीव्हीसीची बारीक पूड. ती मेणासारखी नुसती वितळवून चालत नाही, शिजवावी लागते. बाटलीत ती दुधासारखी दिसते. गंज तापला की आंबिलीसारखी दाट होते, मग गुठळ्या धरते, चमचा फिरवायला जोर लागतो. त्या गुठळ्या पाहून लोक घाबरतात आणि गॅस मोठा करतात. तिथंच बुडाचा माल करपतो आणि वरचा कच्चा राहतो. आच मंदच ठेवा, तळापासून सावकाश ढवळत राहा. १७५ अंश सेल्सिअसच्या आसपास गुठळ्या विरतात, दूधकट रंग जातो आणि माल मधासारखा पारदर्शक, ओघळता होतो. तो शिजला. नंतर १६० ते १७० च्या दरम्यान ओता. २०० च्या वर गेला की पिवळा पडायला लागतो, आणि आणखी तापला तर हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, घशाला झोंबतो. तुमच्या बाटलीवर वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा.

तुम्ही पातळ स्टीलच्या भांड्यात, थेट गॅसवर, अंदाजाने शिजवता असं लिहिलंय. जाड बुडाचा ॲल्युमिनियमचा गंज घ्या आणि खाली लोखंडी तवा ठेवा, आच सगळीकडे सारखी लागते. तो गंज आणि चमचा परत स्वयंपाकघरात न्यायचा नाही. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, पण तो फक्त वरची साय मोजतो आणि चकचकीत धातूवर धरला तर चुकीचा आकडा देतो. म्हणून ढवळून लगेच मालावरच धरायचा. हे सगळं घराबाहेर सांदवाडीत, वारा पाठीशी घेऊन करा. लहान मुलं जवळ नकोत.

शिजला की नाही हे तयार बेडकावरून कळतं. पूर्ण थंड झाल्यावर एक पाय धरून ताणा. नीट शिजलेला पाय दूरवर ताणला जातो आणि सोडला की जागेवर येतो. कच्चा असेल तर चिरून तुटतो, तुटलेल्या जागी पांढुरका दिसतो, आणि दोन दिवसांत अंगावर तेल सुटतं, कारण पुडीने तेल पुरतं धरून ठेवलेलंच नसतं. तुमचा चिकटपणा बहुतेक हाच आहे. एकाच गंजात करपलेला आणि कच्चा माल असू शकतो, म्हणून तुम्हाला पिवळा आणि तेलकट असे दोन्ही बेडूक मिळतात.

बाटलीत पूड तळाशी बसते. वापरण्याआधी भरपूर हलवायचं, पण हलवलं की हवा मिसळते. मी आदल्या रात्री हलवून ठेवतो आणि सकाळी हळूच ढवळून घेतो.

आता बुडबुडे. एक बेडूक ब्लेडने मधोमध उभा कापा. आतपर्यंत सगळीकडे बारीक, सारखे बुडबुडे असतील तर हवा किंवा ओल मालातच आहे. आतला भाग स्वच्छ आणि साच्याला लागलेल्या बाजूलाच मोठे फुगे, खड्डे असतील तर साचा ओला आहे. तुमचे पाठीवर येतात, आणि साचे रोवणीच्या दिवसांत केलेत, तेव्हा मला साचा ओला असल्याचीच शक्यता वाटते.

पीओपी अर्ध्या तासात टणक होतो म्हणून वाळला असं वाटतं. घट्ट होण्यासाठी त्याला थोडंच पाणी लागतं, आपण कालवताना घातलेलं बाकीचं पाणी आतच असतं. १६० अंशांचा माल लागला की त्याची वाफ होते आणि ती मालातूनच वाट काढते. साचा वजनकाट्यावर ठेवा आणि तारखेसह लिहून ठेवा. माझा बेडकाचा साचा पहिल्या दिवशी ६४० ग्रॅम होता. तो ४६५ वर येऊन थांबला तेव्हा मी पहिल्यांदा माल ओतला. मे महिन्यात हे काम उन्हात तीन-चार दिवसांत झालं होतं. श्रावणात आठवडा गेला तरी काटा हलत होता. वजन लागोपाठ दोन दिवस तेवढंच भरलं की साचा वाळला. घाई करून चुलीच्या तोंडाशी ठेवू नका, जास्त तापला तर पीओपी भुसभुशीत होऊन कडा झडतात. पंख्याखाली ठेवा. वाळला की पातळ एपॉक्सीचे दोन हात द्या, म्हणजे पावसाळी हवेची ओल परत शिरणार नाही आणि बेडकाची कातडीही गुळगुळीत येईल.

मालात मीठ घालत असाल तर पावसात तेही ओलं असतं, आधी तव्यावर कोरडं भाजून घ्या. खरं तर मरळीच्या बेडकाला मीठ नकोच. मीठ वजनासाठी असतं, आणि मरळ हवा घ्यायला वर येणारा मासा. मामा (माजी मालगुजारी) तलावात कमळाच्या पानांवरून बेडूक सरकवायचा असतो, बुडवायचा नसतो.

पायाचं टोक न भरणं. हाताने ओतताना मालाला ढकलणारं फक्त त्याचं वजन. टोकात अडकलेली हवा निघाली नाही तर माल पुढे जात नाही. साचा तिरपा धरून बारीक धारेने आधी पाय भरा, मग अंग. दोन भागांचा साचा असेल तर पायाच्या टोकापासून कडेपर्यंत सुईने केसाएवढी रेघ ओढा, हवा तिथून जाईल. पहिला बेडूक साचा कोमट करण्यापुरताच समजा आणि परत गंजात टाका.

पोटाचा खड्डा आकसण्याचा आहे. पाय पातळ, ते आधी घट्ट होतात. पोट शेवटी थंड होतं आणि आकसताना वरून माल ओढून घेतं. ओतायचं तोंड रुंद ठेवा, काठोकाठ भरा आणि ते पातळ आहे तोवर पुन्हा थोडं वरून टाका. माल १७५ वर असतानाच ओतलात तर खड्डा मोठा पडतो.

परत वितळवण्याबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. साच्यातून काढलेले बेडूक आकार टिकावा म्हणून मी गार पाण्यात टाकायचो. एकदा त्यातला एक बिघडलेला बेडूक पुसून गरम गंजात टाकला. वरून कोरडा होता, पण मांडीच्या खाचेत थेंबभर पाणी राहिलं होतं. क्षणात वाफ होऊन माल उडाला आणि मनगटावर चिकटला. ओढून काढला असता तर कातडीही आली असती. तसंच वाहत्या पाण्याखाली हात धरून बसलो आणि मग दवाखान्यात गेलो. डाग अजून आहे. बिघडलेला माल दोन दिवस वाळवून, कापून, खाचा पाहूनच टाका. पूर्ण बाह्या, बूट, चष्मा आणि जाड हातमोजे घातल्याशिवाय गंजाजवळ जाऊ नका.

पिवळा झालेला माल फेकू नका. त्यात तेवढाच ताजा माल आणि हीट स्टॅबिलायझरचे (आचेने माल पिवळा पडू न देणारं द्रव) दोन-चार थेंब टाकून काळा किंवा गडद हिरवा रंग द्या. गढूळ पाण्यात माझा काळा बेडूकच जास्त चालतो.

ठेवताना कडक प्लास्टिकचा खणांचा डबा टाळा. प्लास्टिसायझर काही कडक प्लास्टिकना विरघळवतो, बेडूक आणि डबा दोन्ही जातात. पॉलिथिनच्या झिपवाल्या पिशवीत, रंगानुसार वेगळे आणि सरळ झोपवून ठेवा, टिनाच्या छपराखाली नको. पाय वाकला असेल तर गरम पाण्यात थोडा वेळ धरा आणि सरळ करून गार पाण्यात टाका.

सध्या आहे तो साचा फोडू नका. आज रात्री त्याचं वजन करा, परवा पुन्हा करा आणि दोन्ही आकडे इथं लिहा. कापलेल्या बेडकाचा फोटोही टाका. पिलांचा लाल थवा घेऊन फिरणारी मरळ दिसली तर तिच्यावर बेडूक टाकू नका, नर-मादी तिथंच राखणीला असतात.