तुमचे प्रश्न : तार तुटली की माग थांबतो

मोटारींच्या टिकाऊपणावर या पानात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत टोयोटाचीच पत्रं इतकी निघाली, की या वेळचं सगळं पान त्यांनाच देतोय.

टोयोटा आधी कापडाचे माग बनवायची, असं मुलाच्या पुस्तकात वाचलं. मागाचा आणि मोटारीचा काय संबंध? — एक वाचक, कराड

हा प्रश्न तुम्ही मला विचारलात याचा फार आनंद झाला. माझं लहानपण इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात गेलं. वडील दुसऱ्याच्या कारखान्यात सहा साधे यंत्रमाग सांभाळायचे. साध्या मागावर बाण्याची, म्हणजे आडव्या सुताची तार तुटली किंवा त्याची कांडी संपली, तर फोर्क नावाचा काटा माग बंद करतो. ताण्याची, म्हणजे उभ्या सुताची तार तुटली तर मात्र माग तसाच धावत राहतो. ती तुटकी तार शेजारच्या तारांत गुंतते, आणि कुणाचं लक्ष जाईपर्यंत हातभर कापड खराब झालेलं असतं. वडील एका मागाकडून दुसऱ्याकडे जाताना ताण्यावरून तळहात हलकेच फिरवत जायचे. नजर पलीकडच्या मागावर, हात इथे. सैल तार बोटाला लागली की पाय तिथेच थांबायचे. एखादी निसटलीच, तर तागा बाद आणि शनिवारच्या पगारात कपात.

हीच अडचण जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी आयुष्यभर सोडवत नेली. जन्म १८६७ चा, गाव आजच्या शिझुओका प्रांतातल्या कोसाई शहराच्या हद्दीतलं. वडील सुतार. १८९० साली त्यांनी लाकडी हातमाग सुधारला, १८९६ मध्ये शक्तीवर चालणारा माग केला आणि बाणा तुटला की तो आपोआप थांबेल अशी सोय त्यात बसवली. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला तो १९०४ साली, म्हणजे काळ साधारण आपलाच. १९२४ मध्ये त्यांचा जी प्रकारचा स्वयंचलित माग तयार झाला. चालू मागातच बाण्याचं सूत नेणारा धोटा आपोआप बदलायचा, आणि ताण्याची तार तुटली तरी माग थांबायचा. माझे वडील तळहातानं जे करत होते, ते काम आता यंत्र करत होतं. त्यामुळे माणसाला मागाची राखण करत बसावं लागेना, आणि एकाच कामगाराकडे तीस-तीस माग देता येऊ लागले. १९२९ साली इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनं या मागाच्या हक्कांसाठी १ लाख पौंडांचा करार केला. मुंबईच्या गिरण्यांत ज्यांची यंत्रं चालत होती, तेच हे प्लॅट ब्रदर्स. शिकवणाऱ्यानं शिकणाऱ्याकडून विकत घ्यावं, अशी ही घटना. पुढच्याच वर्षी साकिची वारले.

मोटार त्यांच्या मुलानं, किइचिरो यांनी केली. १९३३ मध्ये मागाच्या कारखान्यातच मोटार विभाग उघडला. भांडवल मागाच्या धंद्याचं, ओतकाम आणि यंत्रकाम करणारी माणसंही तिथलीच. पहिलं इंजिन त्यांनी शेवरोलेचं इंजिन समोर ठेवून बनवलं, आणि त्याच्या सिलिंडर ब्लॉकच्या ओतकामानं त्यांना रडवलं. भट्टीतून निघालेले ब्लॉक ढिगानं बाद होत होते. कोल्हापूरच्या फाउंड्रीत ज्यांनी कधी काम केलंय त्यांना पोकळ ओतकामातला गाभा, म्हणजे पोकळीसाठी साच्यात बसवलेला वाळूचा ठोकळा, सरकणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. १९३५ मध्ये पहिला ट्रक, १९३६ मध्ये एए ही पहिली मोटार, आणि २८ ऑगस्ट १९३७ ला स्वतंत्र कंपनी.

घराण्याचं नाव टोयोडा, मग कंपनी टोयोटा कशी? — एक वाचक, परभणी

१९३६ साली बोधचिन्हासाठी स्पर्धा घेतली, सुमारे २७,००० प्रवेशिका आल्या. त्यातून ‘टोयोटा’ पुढे आलं. जपानी कताकाना लिपीत ‘टोयोटा’ लिहायला आठ फटकारे लागतात, ‘डा’ केलं तर दहा. आठ हा तिकडे शुभ आकडा. शिवाय कंपनी एका कुटुंबाची न वाटता समाजाची वाटावी, हाही विचार होता. मूळ आडनावाचा अर्थ मला आवडतो: भरघोस पिकाचं भातखाचर. कोरोमो गावात त्यांचा कारखाना होता, त्या गावाचंच नाव १९५९ मध्ये टोयोटा झालं.

मी पंधरा वर्षं टूरची गाडी चालवतो. क्वालिस वापरली, इनोव्हाही वापरली. ‘टोयोटा मरत नाही’ असं आम्ही म्हणतो. ही गुणवत्ता पहिल्यापासून होती का? — एक चालक, नाशिक

मुळीच नव्हती. १९५७ साली त्यांनी अमेरिकेत विक्रीची कंपनी काढली आणि पुढच्या वर्षी क्राउन ही गाडी तिथे उतरवली. जपानच्या खडबडीत रस्त्यांवर ती चांगली होती, पण अमेरिकेतल्या लांबलचक हमरस्त्यांवर वेग घ्यायला लागली की धापा टाकायची. काही वर्षांतच ती तिथून मागे घ्यावी लागली. त्याआधी, १९५० मध्ये, कंपनी बुडायच्याच बेतात होती. बँकांनी कर्ज दिलं ते कामगार कमी करण्याच्या अटीवर. मोठा संप झाला, दीड हजारावर माणसं गेली, आणि किइचिरोंनी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. त्याच वर्षी जूनमध्ये कोरियाचं युद्ध पेटलं आणि अमेरिकी लष्करानं ट्रक मागवले. कंपनी तरली. किइचिरो मात्र १९५२ मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षी गेले. आपली गाडी जगभर धावताना त्यांना दिसली नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

तुम्ही म्हणता ती गुणवत्ता आली ती यानंतर, हळूहळू. ताइइची ओनो हे मूळचे टोयोडाच्या सूतगिरणीतले, १९४३ मध्ये ते मोटारीकडे आले. मागावरची अक्कल त्यांनी मोटारीच्या लाइनीवर आणली. लाइनीवर डोक्याच्या वर दोर बांधला. नट नीट बसला नाही, पार्ट चुकीचा आला, की कामगारानं दोर ओढायचा. वर दिवा लागतो, सूर वाजतो, टीम लीडर धावत येतो. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पुढे सरकते. तेवढ्यात अडचण सुटली तर ठीक, नाही तर लाइन थांबते. मग विचारायचं, असं का झालं? उत्तर आलं की पुन्हा, ते तरी का? असं पाचदा. बोल्ट सैल का राहिला? पान्याचा दाब कमी पडला. दाब का कमी पडला? हवेची नळी गळत होती. नळी का गळत होती? ती बदलायची मुदत कुणी लिहूनच ठेवली नव्हती. नुसता बोल्ट आवळून गाडी पुढे सोडली असती, तर उद्या तोच बोल्ट पुन्हा सैल निघाला असता.

तुमची क्वालिस २००० साली आपल्याकडे आली आणि २००५ मध्ये तिच्या जागी इनोव्हा आली. विक्री चांगली असताना क्वालिस बंद केली म्हणून तेव्हा टूरवाले हळहळले होते, हे तुम्हाला आठवत असेल.

या कंपनीत किर्लोस्करांचा हात कसा? — एक वाचक, पलूस

किर्लोस्करवाडी तुमच्या उशाला, तेव्हा तुम्ही विचारणारच. लोखंडी नांगर करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांनी टोयोटाला भारतात आणलं. १९९५ मध्ये दोघांची पहिली भागीदारी झाली ती सुताच्या यंत्रांची, रिंग फ्रेम बनवण्यासाठी. मोटारीची कंपनी १९९७ ची, कारखाना बंगळुरूजवळ बिडदीला. जपानमध्ये जो क्रम होता तोच इथेही राहिला, आधी सूत आणि मग मोटार. विक्रमराव नोव्हेंबर २०२२ मध्ये गेले. जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरला कारखाना उभारण्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार झाला आहे, म्हणजे हे नातं फिरून महाराष्ट्रात येतंय.

बिडदीला सगळं गोडीगुलाबीचंच आहे, असं मात्र समजू नका. नोव्हेंबर २०२० मध्ये कामाच्या बोजावरून तिथे संप झाला, टाळेबंदी झाली आणि वाद काही महिने चालला. सेकंदासेकंदाचा हिशेब ठेवणाऱ्या पद्धतीत माणसाची दमछाक मोजली जाते का, हा कामगारांचा प्रश्न मला रास्त वाटतो.

ग्लान्झा आणि बलेनो एकच गाडी ना? मग जास्त पैसे कशाला? — एक वाचक, रत्नागिरी

गाडी एकच, बनवते मारुती सुझुकी. फरक बिल्ल्याचा आणि थोडा सजावटीचा. शोरूम कोणतं जवळ आहे आणि कुठला मेकॅनिक तुम्हाला धड उत्तर देतो, ते बघून घ्या. इन्व्हिक्टो मात्र उलटी, ती टोयोटाची गाडी सुझुकीच्या बिल्ल्यानं विकली जाते. सुझुकीचे संस्थापक मिचिओ सुझुकी यांनीही १९०९ मध्ये हामामात्सुला मागाचाच कारखाना काढला होता. हामामात्सु आणि साकिचींचं कोसाई ही लागून असलेली शहरं. एकाच मुलखातल्या दोन माग बनवणाऱ्यांच्या या कंपन्या आहेत.

इतकं नाव असलेल्या कंपनीनं चाचण्यांत फसवणूक केल्याचं वाचलं. मग विश्वास कशावर ठेवायचा? — एक विद्यार्थिनी, पुणे

याचं उत्तर देताना मला त्रास होतो, पण देतो.

ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात लेक्सस या टोयोटाच्याच महागड्या गाडीचा अपघात झाला. भलत्याच मॉडेलची रबरी मॅट पेडलवर अडकली, गाडी आवरेना, चौघे गेले. पाठोपाठ लाखो गाड्या परत बोलावल्या. फेब्रुवारी २०१० मध्ये साकिचींचे पणतू आकिओ टोयोडा अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बसले. कंपनी ज्या वेगानं वाढली त्या वेगानं आम्ही माणसं घडवू शकलो नाही, अशी कबुली त्यांनी दिली. इलेक्ट्रॉनिक्समध्ये दोष आहे का हे नासाच्या तज्ज्ञांनी तपासलं, तसा दोष सापडला नाही. पण सुरक्षेबद्दल लोकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१४ मध्ये कंपनीनं १२० कोटी डॉलर भरले. मॅट आणि पेडल हा यंत्राचा दोष झाला. माहीत असून नीट न सांगणं हा दोष त्याहून मोठा, आणि मी तो पोटात घालणार नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये टोयोटाच्याच मालकीच्या दायहात्सुचं प्रकरण बाहेर आलं. ६४ मॉडेलांच्या चाचण्यांत गैरप्रकार. काही धडक-चाचण्यांत एअरबॅग सेन्सरनं उघडायची, ती टायमर लावून उघडली होती. चौकशी समितीनं बोट ठेवलं ते अतिघट्ट वेळापत्रकावर. जानेवारी २०२४ मध्ये डिझेल इंजिनांचं निघालं: शक्ती मोजण्याच्या चाचणीत आकडे सरळ दिसावेत म्हणून कारखान्यातल्या गाडीपेक्षा वेगळं सॉफ्टवेअर वापरलं होतं. इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्सची रवानगी भारतातही काही दिवस थांबली. ही इंजिनं बनवते टोयोटा इंडस्ट्रीज. साकिचींच्या मागासाठी १९२६ मध्ये काढलेली मूळ कंपनी ती हीच.

बातमी वाचली तेव्हा मी पेपर घडी करून बराच वेळ बसून राहिलो. तार तुटली की थांबणारं यंत्र ज्या घरात जन्मलं, त्याच घरात तार तुटलेली बघून माणसं पुढे चालत राहिली. लाइनीवरच्या कामगाराच्या डोक्यावर दोर होता. वेळापत्रकाखाली दबलेल्या चाचणी विभागातल्या इंजिनिअरच्या डोक्यावर तो कुणी बांधलाच नव्हता. विश्वास ठेवायचा तर कंपनीच्या नावावर ठेवू नका. चूक सापडल्यावर ती किती लवकर आणि किती मोकळेपणानं सांगते, हे दर वेळी नव्यानं तपासा.

मी चाकणला एका पार्टच्या कारखान्यात ट्रेनी आहे. आमच्याकडेही पिवळा दोर आहे, पण ओढला की सगळे माझ्याकडे बघतात. जपानमध्ये खरंच ओढतात का? — एक वाचक, खेड

ओढतात. आणि ओढल्यावर टीम लीडरनं आधी आभार मानायचे, मग अडचण विचारायची, असं तिथे शिकवतात.

मी चौतीस वर्षं तपासणीत काढली. भोसरीतल्या एका कारखान्यात, कंपनीचं नाव सांगत नाही, ब्रेकच्या ब्रॅकेटच्या भोकाला आतून बर, म्हणजे धातूची बारीक धार, लागत होती. नखाला जाणवायची, डोळ्याला दिसायची नाही. मी लाल बटण दाबलं. सुपरवायझर आला आणि पंधरा माणसांसमोर म्हणाला, “तुला डिस्पॅच माहीत आहे का?” मी बटण सोडलं. ती पेटी गेली. आठवड्यानं तीनशे नग परत आले आणि आम्ही रविवारी बसून कानशीनं एकेक भोक घासलं. त्या रविवारी मला वडिलांचा तळहात आठवला. त्यांना कुणी बटण दिलं नव्हतं, तरी ते थांबायचे.

तुम्ही नवीन आहात, तुमची भीती खोटी नाही. म्हणून एक करा. खिशात छोटी वही ठेवा. दोर ओढलात की पार्ट नंबर, वेळ आणि बोटाला काय लागलं ते तिथल्या तिथे लिहा, खराब नगाला लाल टॅग लावा आणि तो नग टीम लीडरच्या हातात द्या. बोलून सांगू नका, हातात द्या. महिनाभर असं करा आणि त्या वहीत काय काय आलं ते मला कळवा.