हो ची मिन्हहून बसनं कंबोडिया आणि परत: बॅग भरायच्या आधी परतीचं बघा

गडहिंग्लजच्या ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. मुंबईहून विमानानं हो ची मिन्ह, मग बसनं कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह, पुढं अंगकोर वाट बघायला सिएम रीप, परत बसनंच हो ची मिन्ह आणि तिथून मुंबई. बरोबर सासू-सासरे. व्हिएतनामचा ई-व्हिसा एजंटनं आणून दिलाय, आता फक्त बॅगा भरायच्या राहिल्यात ना, असं तुम्ही विचारलंय. वर प्रतिक्रिया देणाऱ्या मंडळींनी पाऊस, सिमकार्ड, शाकाहारी जेवण यावर भरभरून सांगितलंय, त्यामुळं त्यात मी पडत नाही.

बॅगा राहू देत. व्हिसाचा कागद काढा आणि तो सिंगल एन्ट्रीचा आहे की मल्टिपल, ते बघा. तुम्ही टाकलेल्या फोटोत मला तरी सिंगल दिसतंय.

सिंगल असेल तर तुमचा परतीचा रस्ता बंद आहे. व्हिएतनामच्या बाहेर पाऊल टाकलं की तो व्हिसा संपला. त्यावरची तारीख महिनाभर पुढची असली तरी संपला. "मुदत तर आहे की" हे वाक्य आम्ही ज्याला-त्याला ऐकवून बघितलंय, म्हणून सांगतो.

आमचाही मार्ग अगदी हाच होता. आई, सौ. आणि मी. एप्रिलअखेरची सुट्टी. सगळा कार्यक्रम कोल्हापुरातल्याच एका ट्रॅव्हल ऑफिसनं आखून दिलेला. नाव घेत नाही. फाईल मात्र देखणी होती, पहिल्या पानावर अंबाबाईचा फोटो, आत दिवसवार तक्ता. त्या तक्त्यात त्यांनीच छापलेलं: सकाळी नॉम पेन्हहून बस, संध्याकाळी हो ची मिन्हच्या हॉटेलात मुक्काम, दुसऱ्या दिवशी रात्री विमान. आणि त्याच फाईलमध्ये, दोन पानं मागं, आमचे तिघांचे व्हिसे. सिंगल. तक्ता करणारा आणि व्हिसाचा अर्ज भरणारा माणूस एकच, टेबल एकच, आणि त्या दोन कागदांची एकमेकांशी ओळख करून द्यावी असं त्याला वाटलं नाही.

जाताना काही कळत नाही, हीच यातली गोम आहे. हो ची मिन्हपासून साधारण 70 किलोमीटरवर मोक बाई, व्हिएतनामचा सीमेवरचा नाका. बसमधला पोरगा सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करतो, रबरबँड लावून गठ्ठा आत नेतो, आणि आपण रांगेच्या आसपास घुटमळत राहायचं. नावं पुकारली की पुढं व्हायचं. आईचं नाव त्यानं असं काही उच्चारलं की आई शेजारच्या कोरियन बाईकडं बघत बसली, हिचंच नाव असणार म्हणून. शिक्का बसला, पासपोर्ट हातात आला, संपलं. तुम्ही परत येणार आहात का, कसं येणार, याच्याशी बाहेर सोडणाऱ्या साहेबाला काही देणंघेणं नसतं. तो त्याच्या जागी बरोबरच आहे.

बिंग फुटलं ते परतीच्या सकाळी, नॉम पेन्हच्या बस काउंटरवर. व्हिएतनामकडं जाणाऱ्यांचे व्हिसे बसवाले तिथंच तपासतात, कारण नाक्यावरून माघारी पाठवलेला प्रवासी त्यांच्याच गळ्यात पडतो. काउंटरवरच्या मुलीनं आईचा कागद वाचला, पासपोर्टमधला मोक बाईचा शिक्का शोधला, बॉलपेननं कागदावरच्या "सिंगल"भोवती गोल केला आणि कागद आमच्याकडं फिरवला. पुढचे दोन कागद वाचायलाही घेतले नाहीत. तिकिटं आमच्या हातात, बॅगा बसच्या पोटात. बॅगा परत काढून दिल्या, एवढं सौजन्य.

तारीख होती 30 एप्रिल. त्या दिवशी व्हिएतनाममध्ये राष्ट्रीय सुट्टी असते, 1975 साली युद्ध संपलं तो दिवस. दुसऱ्या दिवशी 1 मे, कामगार दिन, पुन्हा सुट्टी. ई-व्हिसाला तीन दिवस लागतात असं जे म्हणतात ते कामाचे तीन दिवस, आणि त्यात या सुट्ट्या धरत नाहीत. म्हणजे तिथल्या तिथं नवा अर्ज टाकला तरी तो येणार आमचं विमान निघून गेल्यावर. कोल्हापूरला फोन लावायचा तर आपण दीड तास मागं, ऑफिस उघडेपर्यंत तिकडं जेवणाची वेळ टळून गेलेली. फोन उचलला तेव्हा आधी "असं होत नाही सर", मग "सिस्टिममध्ये तसंच येतं", आणि शेवटी "तुम्ही परत येणार हे सांगितलं नव्हतं". तक्ता त्यांनीच छापलेला, हे ऐकवल्यावर म्हणाले, उद्या बघून सांगतो. उद्या 1 मे. महाराष्ट्र दिन, ऑफिस बंद.

शेवटी नॉम पेन्हहून बँकॉकमार्गे मुंबईचं नवं तिकीट काढलं, तिघांचं, ऐनवेळच्या भावात. हो ची मिन्हचं विमान बुडालं, तिथलं हॉटेल बुडालं. परत आल्यावर ऑफिसात गेलो तर चहा पाजला आणि पुढच्या सहलीत सूट देतो म्हणाले. पुढची सहल! असो. हे लिहिताना अजूनही डोकं तापतं, त्यामुळं इथंच थांबवतो.

(एक आडमार्ग आम्हाला सुचवला गेला, तुम्हालाही कोणीतरी सुचवेल: नॉम पेन्हहून विमानानं हो ची मिन्हला उतरायचं आणि विमानतळाबाहेर न पडता मुंबईचं विमान धरायचं. पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर आणि बॅग थेट मुंबईपर्यंत असेल तर त्यात अर्थ आहे. दोन सुटी तिकिटं असतील तर बॅग घ्यायला इमिग्रेशन ओलांडून आत यावं लागतं, त्याला व्हिसा हवा, आणि मग विमान कंपनी नॉम पेन्हलाच अडवते.)

आता तुमच्यासाठी. मी एजंट नाही, नियम बदलत असतात, अर्ज करायच्या आधी सरकारी साईटवर स्वतः वाचा. पण तुमच्या जागी मी असतो तर पहिला विचार मार्गच फिरवायचा केला असता. आधी विमानानं कंबोडिया, मग बसनं व्हिएतनाम, आणि हो ची मिन्हहून घरी. यात व्हिएतनाममध्ये एकदाच शिरायचं असल्यानं सिंगल पुरतो. फक्त व्हिसाच्या अर्जात कुठल्या गेटनं येणार ते भरावं लागतं, आणि तिथं विमानतळ नव्हे, मोक बाई हवं. तुमच्या एजंटनं विमानतळ टाकलं असणार. अर्जाची प्रत मागून घ्या.

विमानाची तिकिटं काढून झाली असतील आणि मार्ग फिरवता येत नसेल, तर मल्टिपलचा नवा अर्ज करा. 15 ऑगस्ट 2023 पासून व्हिएतनाम 90 दिवसांपर्यंतचा मल्टिपल ई-व्हिसा देतो. फी सिंगलला 25 डॉलर, मल्टिपलला 50. आधी भरलेली फी परत मिळत नाही, ती गेली समजा. आमच्या त्या ट्रॅव्हल ऑफिसनं एका सिंगल व्हिसाचे घेतलेले पैसे मल्टिपल काढून वर उरले असते, हे मला नंतर कळलं.

आणि हा अर्ज कृपा करून स्वतः भरा. गॅसचा नंबर ऑनलाइन लावता येणाऱ्या माणसाला हेही जमतं. पत्त्याच्या शेवटी "डॉट जीओव्ही डॉट व्हीएन" असेल तीच सरकारी साईट. शोधल्यावर वर-वर येणाऱ्या, झेंडा लावलेल्या बऱ्याच साईट खाजगी असतात आणि दुप्पट-तिप्पट घेतात. नाव भरताना पासपोर्टवर जसं आहे तसंच. आपल्याकडं "गिव्हन नेम"मध्ये स्वतःच्या नावापुढं नवऱ्याचं किंवा वडिलांचं नावही असतं, एजंटची पोरं ते गाळतात. सासूबाईंचा कागद आणि पासपोर्टची खालची दोन ओळींची पट्टी शेजारी ठेवून अक्षर-अक्षर ताडा. व्हिसा कागदावर छापूनच न्या, मोबाईलच्या भरवशावर राहू नका.

कंबोडियाचं त्यामानानं सोपं. पर्यटक व्हिसा मोक बाईच्या पलीकडं, कंबोडियाच्या बावेत नाक्यावरही मिळतो, फी 30 डॉलर. आधीच ई-व्हिसा काढलात तर तोही बावेतला चालतो. बसमधला पोरगा व्हिसा काढून देतो आणि फीवर थोडे डॉलर जास्त मागतो. यावर इथं बरेच जण "लूट" म्हणून तावातावानं लिहितात. माझं मत वेगळं आहे, पटलं तर घ्या: सत्तरीचे सासरे उन्हात उभे असताना तीन-चार डॉलरसाठी तत्त्वाची लढाई लढू नये. एकटे असाल तर खुशाल लढा.

डॉलर मात्र कोरे करकरीत न्या. जरा फाटलेली, पेननं काही लिहिलेली नोट तिकडं कोणी घेत नाही. कोल्हापुरात राजारामपुरीत घेतानाच एक-एक नोट उजेडात धरून बघा, दुकानदार वैतागला तर वैतागू दे. एक, पाच, दहाच्या सुट्या नोटा जास्त घ्या.

वर कोणीतरी सल्ला दिलाय की सिएम रीपहून थायलंडच्या सीमेवरच्या पोइपेटमार्गे बसनं बँकॉक गाठा, म्हणजे व्हिएतनामची भानगडच नको. हा सल्ला जुना आहे. थायलंड-कंबोडिया सीमेवरचे नाके 2025 च्या जूनमध्ये बंद झाले आणि जुलैत तिथं दोन्ही सैन्यांत लढाई झाली. नाका उघडल्याची ताजी बातमी स्वतः वाचल्याशिवाय त्या रस्त्याच्या भरवशावर काहीही बुक करू नका. बँकॉकला जायचंच असेल तर विमानानं.

बाकी बसचा प्रवास छान आहे हो. हो ची मिन्ह ते नॉम पेन्ह नाक्यासकट सहा-सात तास धरा. नाक्यावर सगळ्यांना उतरावं लागतं, सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर पुढची सीट मागून घ्या. बावेत ओलांडल्यावर जेवायला थांबतात, तिथं शाकाहारी म्हणजे पांढरा भात आणि परतलेल्या भाज्या, वर माशाचा सॉस घालू नका हे आधी सांगायचं. आमचं भडंगावर निभावलं. पुढं निअक लुआंगला मेकाँग नदीवरचा लांबलचक पूल लागतो, 2015 ला झालेला. त्याआधी बस फेरीबोटीवर चढवून पलीकडं न्यायचे. पात्र बघून आई म्हणाली, ही तर बारमाही पुरातली पंचगंगा. त्या बाजूची खिडकी सासऱ्यांना द्या.

एजंटशी बोलाल ते व्हॉट्सॲपवर, लेखी. "आमचा व्हिएतनाममध्ये दोनदा प्रवेश आहे, या व्हिसावर दुसरा प्रवेश मिळेल का, हो की नाही?" एवढंच विचारा. "होऊन जाईल मॅडम" हे उत्तर धरू नका. तुम्ही निघायची तारीख पोस्टमध्ये लिहिलेली नाही. ती 30 एप्रिलच्या आसपास किंवा तिकडच्या नववर्षाच्या, म्हणजे तेतच्या, सुट्टीजवळ येत असेल तर एजंटच्या उत्तराची वाट न बघता आजच नवा अर्ज टाका.