खूण नसलेल्या कबरी आणि डीएनए : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे घराणे ठाण्यातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती. माझ्या आजीच्या वडिलांचे वडील १८९६ नंतरच्या प्लेगच्या साथीत वारले आणि त्यांना घाईघाईने पुरण्यात आले, असे घरात सांगतात. जुन्या कबरस्तानाच्या एका कोपऱ्यात खूण नसलेल्या काही कबरी आहेत. माझा डीएनए देऊन त्यांची कबर ओळखता येईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तत्त्वतः येईल; परंतु केवळ आपल्या नमुन्यावरून नाही, आणि या कामाची सुरुवात खोदकामाने मुळीच करू नये. डीएनए स्वतःहून नाव सांगत नाही. अस्थी कोणाच्या असाव्यात याचा अंदाज आधी कागदपत्रांवरून बांधावा लागतो, आणि मग त्या व्यक्तीच्या निश्चित वंशजांशी तुलना करून तो अंदाज टिकतो की नाही हे तपासता येते.

आपला प्रश्न नेमका कोणत्या वंशरेषेचा आहे, हे येथे महत्त्वाचे ठरते. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, तर मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडून सर्व अपत्यांना मिळतो, पण पुढच्या पिढीला तो फक्त मुलीच देतात. आपल्या आणि या पूर्वजांच्या मधल्या साखळीत आजी आहे आणि तिचे वडील आहेत, त्यामुळे यांपैकी कोणताही वारसा त्यांच्याकडून आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही. उरलेल्या गुणसूत्रांतील सरासरी एक षोडशांश भाग तेवढा आपल्याकडे आला असेल. मात्र आजीचा सख्खा भाऊ किंवा त्या भावाचा मुलगा असेल, तर त्याच्याकडे या पूर्वजांचेच वाय गुणसूत्र असले पाहिजे. त्यांचे भाऊही तेथेच पुरलेले असल्यास केवळ वाय गुणसूत्रावरून भावाभावांत फरक करता येणार नाही. तेव्हा त्यांच्या बहिणीच्या लेकींची रेषा शोधूनही भागणार नाही, कारण मायटोकॉन्ड्रियल डीएनए सर्व भावंडांत सारखाच असतो. अशा वेळी मृत्यूसमयीचे वय आणि दफनाची नोंद यांचा आधार घ्यावा लागतो.

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ मध्ये लढाईत मारला गेला आणि त्याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टर शहरातील एका वाहनतळाखाली सापडला. त्याच्या बहिणीच्या स्त्रीवंशातील हयात व्यक्तींशी मायटोकॉन्ड्रियल डीएनए जुळला. पुरुषवंशातील नातेवाइकांचे वाय गुणसूत्र मात्र जुळले नाही, म्हणजे मधल्या कोठल्यातरी पिढीत कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळे होते. तरीही पाठीच्या कण्याची वक्रता, जखमा आणि कार्बन कालमापन यांच्या आधाराने ओळख मान्य झाली. घरातील वंशावळ अशी मध्येच तुटू शकते, हे नमुने मागण्यापूर्वी नातेवाइकांना स्पष्ट सांगणे मी आवश्यक मानतो.

वंशावळच हाती नसेल तर काय होते, ते पंजाबातील अजनाला येथे दिसले. तेथील विहिरीतून २०१४ मध्ये काढलेल्या अस्थींचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्या १८५७ मध्ये मारल्या गेलेल्या, गंगेच्या खोऱ्यातून आलेल्या शिपायांच्या असाव्यात, असा निष्कर्ष निघाला. प्रदेश कळला, तुलनेसाठी वंशज नसताना एकेका शिपायाचे नाव कसे कळणार?

आपल्याकडची अडचण हवामानाचीही आहे. उष्ण, दमट जमिनीत डीएनए लवकर तुटतो. टिकलाच तर दातांत किंवा आतील कानाभोवतीच्या कवटीच्या घट्ट हाडात टिकण्याची शक्यता अधिक. शिवाय मुंबई परिसरातील कबरस्तानांत जागेअभावी एकाच कबरीत पुन्हा दफन करण्याची पद्धत आहे, त्यामुळे त्या कोपऱ्यात एकाहून अधिक पिढ्यांच्या अस्थी मिसळलेल्या असू शकतात. चर्च आणि प्रशासन यांच्या परवानगीशिवाय तेथे हात लावता येणार नाही, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून आधी पाद्रींना भेटून दफन, बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या जुन्या नोंदवह्या पाहाव्यात. नोंदी लॅटिन किंवा पोर्तुगीज भाषेत असल्यास जाणकाराची मदत घ्यावी, आणि विवाहनोंदीतील आईवडिलांची नावे व साक्षीदार यांवरून भावंडांची यादी तयार करावी. आजी किंवा तिची भावंडे हयात असतील, तर त्यांच्या संमतीने त्यांचे नमुने आताच घेऊन जपावेत. त्यांच्यात या पूर्वजांचा सुमारे एक चतुर्थांश वारसा आहे, आणि कबरीचा निर्णय पुढे कधीही घेता येईल.